वायतुरा आणि चार महिन्यांचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अंबाजोगाईकडचा. शाळेत विज्ञान शिकवतो आणि पावसाळ्यात सवड मिळाली की माळावरच्या डबक्यांकाठी जाऊन बसतो. साताऱ्याच्या वायतुऱ्याचे फोटो मुलांना, पालकांना, गावातल्या मंडळींना दाखवले की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं दोन वाक्यांत भागत नाही.

वायतुरा म्हणजे नेमकं काय?

पाण्यात वाढणारी, कंदातून उगवणारी लहानशी वनस्पती. शास्त्रीय नाव अपोनोजेटॉन सातारेन्सिस. सातारा नावातच आहे, आणि ते योग्यच आहे. पश्चिम घाटाच्या महाराष्ट्रातल्या भागात, मुख्यतः साताऱ्याकडच्या उंच पठारांवर ती उगवते, जगात दुसरीकडे कुठं नाही. मातीत कंद, वर लांबट पानं, आणि पाण्याबाहेर आलेल्या देठाच्या टोकाला दोन फाटे फुटलेला फिकट जांभळट-गुलाबी तुरा. हे दोन फाटे इंग्रजी 'वाय' अक्षरासारखे दिसतात, म्हणून वायतुरा. याच्या भारतातल्या बहुतेक भाऊबंदांना एकच सरळ तुरा येतो, त्यामुळे फुलावर असताना हा ओळखायला सोपा.

ही वेगळी जात आहे हे शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात लिहून ठेवलं. ज्यांनी ते केलं त्यांच्यात डॉ. श्रीरंग यादव होते. पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्यांनी महाराष्ट्रातल्या दुर्मीळ वनस्पतींवर आयुष्यभर काम केलं. विचार करा, पठारावर गुरं राखणाऱ्यांच्या किती पिढ्यांनी हा तुरा पाहिला असेल, आणि पुस्तकात त्याचं नाव लागलं ते एवढ्यात.

किती दुर्मीळ आहे?

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत तो 'संकटग्रस्त' म्हणून नोंदलेला आहे. ऐन हंगामात एखाद्या डबक्यात गेलात तर शेकडो तुरे दिसतील आणि वाटेल, याला दुर्मीळ कोण म्हणतं? इथंच माणूस फसतो. एका डबक्यात दाटी असली तरी तशी डबकी मोजकी आहेत आणि ती मोजक्याच पठारांवर आहेत. एक पठार हातचं गेलं, तर त्या जातीच्या जगातल्या घरांपैकी मोठा वाटा गेला.

आपल्या मराठवाड्यात सापडतो का?

नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण दरवर्षी कुणी ना कुणी पाणवनस्पतीचा फोटो पाठवून "सर, वायतुरा घावला" म्हणतं. अपोनोजेटॉनच्या जगभरात पन्नासहून जास्त जाती आहेत, आफ्रिकेपासून मादागास्कर, भारत, श्रीलंका ते ऑस्ट्रेलियापर्यंत. त्यातली नेटन्स नावाची जात भारतात बऱ्याच ठिकाणी उथळ तळ्यांत आणि पाणी साचलेल्या शेतांत येते. तिची पानं पाण्यावर तरंगतात आणि तुरा एकच असतो. तसं काही दिसलं तर जरूर कळवा, फोटो पाठवा. पण दोन फाट्यांचा, साताऱ्याच्या पठारावरचा वायतुरा आपला नाही.

मग मराठवाड्यातल्या माणसानं त्याचा विचार कशाला करायचा?

एका बाईंनी हा प्रश्न जरा चिडूनच विचारला होता. त्यांच्या गावाला त्या वर्षी फेब्रुवारीतच टँकर लागला होता. त्यांचा राग मला बरोबर वाटला, म्हणून उत्तर नीट देतो.

वायतुरा जिथं राहतो ती जागा म्हणजे चार महिन्यांचं पाणी. पठारावर काळ्या बेसॉल्टच्या डोक्यावर जांभ्याचा थर, त्यावर बोटभर माती, काही ठिकाणी तीही नाही. पावसाचं पाणी खडकात मुरायला जागा नाही, म्हणून ते खळग्यांत साचतं. कुठं ताटाएवढं, कुठं खळ्याएवढं, आणि बहुतेक ठिकाणी घोट्याच्या किंवा गुडघ्याच्या वर नाही. दिवाळीनंतर ते आटत जातं आणि होळीपर्यंत तिथं तडे गेलेल्या चिखलाची पापडी उरते.

आता हे वर्णन आपल्या माळाला किती लागू पडतं बघा. आपल्याकडे जांभा फारसा नाही, उदगीरच्या बाजूला, बीदरच्या दिशेनं गेलात तर लागतो. बाकी सगळा सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा खडक. पाऊस साताऱ्याच्या घाटमाथ्याच्या मानानं अगदी थोडा. तरी बालाघाटच्या डोंगरावर, म्हैसमाळच्या पठारावर, गौताळ्याच्या उंच सपाटीवर पावसाळ्यात खडकाच्या खळग्यांत पाणी धरतं आणि त्यात त्या चार महिन्यांपुरता एक संसार उभा राहतो. जाती वेगळ्या, पण रीत तीच. वायतुऱ्याचं घर कसं चालतं हे ज्याला समजलं, त्याला आपल्या गायरानावरचं डबकं वेगळं दिसायला लागतं. कागदोपत्री ते 'पोटखराब' असतं, म्हणून तिकडं कुणी बघत नाही.

पाणी आटल्यावर तो मरत नाही का?

पानं मरतात. कंद जगतो.

पहिला मोठा पाऊस झाला की मातीतला कंद पालवतो. पानं झपाट्यानं वाढतात, कारण वेळ थोडा आहे. जुलै-ऑगस्टात तुरा वर येतो, किडे येतात, फळं धरतात, बी त्याच पाण्यात पडतं. पाणी खाली जायला लागलं की पानं पिवळी पडून कुजतात आणि कंद पुन्हा चिखलात झोपी जातो. आपली शेतं जशी खरीप धरून चालतात, तसंच. रब्बी नाही, उन्हाळी नाही, एकच पीक आणि मग पडीक.

मी पहिल्यांदा साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलो तेव्हा धुकं इतकं होतं की दहा पावलांवरचं दिसत नव्हतं. एका खळग्याजवळ उकिडवा बसलो. तुऱ्याचे दोन्ही फाटे पाण्याच्या थेंबांनी वाकले होते. त्यातल्या एकावर तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान माशी पाऊस थांबायची वाट बघत बसलेली. पाणी चहाच्या कोऱ्या अर्कासारखं तांबूस, पण तळ स्वच्छ दिसत होता, आणि तळाच्या मातीवर बेडकांची पिल्लं शेपट्या हलवत होती. पाच-सहा इंच पाणी असेल, जास्त नाही. एवढ्याशा पाण्यात एका जातीचं सगळं भवितव्य आहे, हे तिथं बसूनच कळतं.

डबकं खोल करून पाणी बारमाही केलं तर झाडांचं भलंच होईल ना?

नाही. आणि माझ्या मते या पानावरचं सगळ्यात महत्त्वाचं उत्तर हेच आहे.

आटणं हा या जागेचा दोष नाही, तोच तिचा आधार आहे. पाणी आटतं म्हणून तिथं मासे टिकत नाहीत. मासे नाहीत म्हणून बेडकांची पिल्लं वाचतात आणि पारदर्शक, उताणे पोहणारे कोळंबीसारखे इवले जीव वाढतात. त्यांची अंडी कोरड्या मातीत वर्षानुवर्षं तग धरतात आणि पाणी लागलं की फुटतात. पाणी आटतं म्हणून पाणकणीस आणि बेशरम या काठ व्यापणाऱ्या झाडांना तिथं पाय रोवता येत नाहीत. पाणी उथळ असतं म्हणून ऊन तळापर्यंत जातं आणि बुटक्या झाडांना उजेड मिळतो. हेच डबकं दहा फूट खोल करा, म्हणजे यातली एकेक गोष्ट उलटी होते. मासे येतात, काठाला पाणकणीस दाटतं, तळाला अंधार होतो, आणि कंदाला जो कोरडा विसावा लागतो तो मिळत नाही.

आमच्या गावाबाहेरच्या माळावर असं एक पसरट डबकं होतं. ऑगस्टात त्याच्या कडेला जांभळ्या फुलांची सीतेची आसवं उगवायची आणि गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या असायच्या. एका वर्षी जलसंधारणाच्या कामात जेसीबीनं ते खोल झालं. काम करणाऱ्यांचा हेतू चांगला होता, गावानं वर्गणी काढली होती, आणि त्या दिवशी मीही तिथं उभा राहून टाळ्या वाजवल्या. आता तिथं जानेवारीपर्यंत पाणी असतं. सीतेची आसवं मला त्यानंतर तिथं पुन्हा दिसली नाहीत. चुकलं कुणाचं हे शोधत बसण्यात अर्थ नाही. तिथं काय आहे हे मला माहीत होतं आणि मी ते वेळेवर बोललो नाही, याचं मात्र मला अजून वाईट वाटतं.

म्हणजे शेततळी आणि खोलीकरण नको म्हणता?

असं मी कधीच म्हणणार नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. ओढा रुंद करा, पाझर तलावातला गाळ काढा, शेततळं घ्या. फक्त जागा निवडताना खडकावरचं ते हंगामी डबकं सोडा. तसंही त्या जागी खोदून पाणी फारसं जिरत नाही, कारण खाली अखंड खडक असतो. पाणलोट समजणारा माणूस हेच सांगेल. खर्च करायचा तर जिथं माती आणि मुरूम आहे, पाणी मुरायला वाव आहे, तिथं करावा. पाणीही मिळेल आणि डबकंही राहील.

वायतुरा कशामुळं धोक्यात आला?

पठार 'रिकामं' दिसतं, हे पहिलं कारण. रिकामी जागा म्हटलं की रस्ता, इमारत, पार्किंग, खाण, पवनचक्क्या असं काहीही तिथं मांडलं जातं. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आल्या. एकेका मनोऱ्याचा पाया तसा लहान, पण त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता पठाराचं पाणी वाहायची दिशा बदलतो. पाणी एका बाजूला तुंबतं आणि दुसरी बाजू कोरडी पडते.

दुसरं कारण म्हणजे गर्दी. पश्चिम घाट २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेला, त्यात कास आहे, आणि त्यानंतर तिथं लोंढे सुरू झाले. एका फोटोसाठी माणूस खळग्यात पाय टाकतो, बोटभर मातीचा थर दबतो, आणि तशी हजार पावलं झाली की तिथं पुन्हा काही उगवत नाही. आता प्रवेशशुल्क आहे, दिवसाला किती जण सोडायचे यावर मर्यादा आहे, आणि माझ्या मते ती हवीच.

कागदावरची अडचण वेगळीच आहे. देशातल्या पाणथळ जागांचा नकाशा झाला तेव्हा सव्वादोन हेक्टरच्या वरच्या जागांची आखणी झाली, त्याखालच्या नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या. वायतुऱ्याचं डबकं कधी कधी बैठकीच्या खोलीएवढंही नसतं. मोठ्या पाण्याला निदान नाव तरी असतं. आपल्या नाथसागरालाच, म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाच्या जलाशयालाच बघा, १९८६ पासून तो पक्षी अभयारण्य आहे. माळावरच्या डबक्याला सातबाऱ्यावर सुद्धा नाव नसतं.

गुरं चरली तर नुकसान होतं का?

याला एका शब्दाचं उत्तर नाही. गुरांचे कळप बेसुमार झाले आणि ओल्या दिवसांत खळग्यांत उतरले तर चिखल होतो, कंद उखडतात. पण ही पठारं शेकडो वर्षं चराईची आहेत आणि फुलं त्या चराईसोबतच जगत आली आहेत. कासला कुंपण घालून चराई थांबवल्यावर गवत माजलं आणि बुटक्या फुलांना जागा उरली नाही, असं तिथल्या गावकऱ्यांनी आणि अभ्यासकांपैकी काहींनी मांडलं. मला त्यात तथ्य वाटतं. गुराखी हा पठाराचा शत्रू आहे असं शहरातून आलेले लोक पटकन म्हणतात. त्यांनी आधी त्या गुराख्याशी तासभर बोलावं.

जलपर्णी पण पाणवनस्पतीच ना? ती तर काढून टाका म्हणता.

हो, आणि दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातला नत्र-स्फुरद तिला खत म्हणून मिळतो आणि ती गोदावरीच्या पात्रापासून शहरातल्या तळ्यांपर्यंत सगळं झाकून टाकते. पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात. वायतुरा याच्या अगदी उलट. त्याला पावसाचं स्वच्छ, निसत्त्व पाणीच चालतं. एक आपल्या घाणीवर पोसते, दुसरा आपली घाण पोचली की संपतो. पाण्यात हिरवं दिसलं की उपटायचं किंवा सरसकट वाचवायचं, दोन्ही चूक. आधी ओळख पटवा.

कमळ, कुमुदिनी आणि हा एकच का?

नाही, तिघांची कुळं वेगळी. कासजवळच्या कुमुदिनी तळ्यात जी पांढरी झालरीची फुलं दिसतात ती कुमुदिनीची.

शेततळ्यात किंवा घरच्या टाकीत लावता येईल का? कंद कुठं मिळेल?

मिळवू नका. कंद म्हणजे त्याचा सगळा साठा. तो काढला की पुढच्या वर्षीचं झाडही गेलं आणि बीही गेलं. शेततळ्याच्या प्लास्टिकवर, खोल पाण्यात, आपल्या उन्हाळ्यात तो जगणारही नाही. काचेच्या टाकीसाठी बाजारात अपोनोजेटॉनच्या दुसऱ्या जाती मिळतात. पाहायला सुंदर असतात, पण त्याही तळ्यात किंवा नदीत सोडू नका. जलपर्णीही शोभेची म्हणूनच जगभर फिरली होती.

खातात का? औषधी आहे का?

या कुळातल्या काही जातींचे कंद लोक खातात. दक्षिण आफ्रिकेत तर एका जातीच्या कळ्यांची मांस घालून केलेली भाजी प्रसिद्ध आहे. साताऱ्याच्या वायतुऱ्याच्या बाबतीत हा विषय काढूच नये. औषधी म्हटलं की आपल्याकडे वनस्पतीचं काय होतं हे सगळ्यांनी पाहिलं आहे.

पाहायला कधी आणि कसं जायचं?

जुलैचा शेवट ते ऑगस्ट. बहुतेक लोक सप्टेंबरात, तेरडा आणि सोनकीचे गालिचे बघायला जातात, तोपर्यंत वायतुऱ्याचा भर ओसरत आलेला असतो. छत्रपती संभाजीनगरहून अहिल्यानगर-पुणे मार्गे सातारा साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. लातूर-धाराशिवकडच्यांना सोलापूर-पंढरपूरवरून बरं पडतं. साताऱ्यापासून कास पंचवीसेक किलोमीटर. निघण्याआधी बुकिंगचं बघून घ्या. छत्री उपयोगाची नाही, वाऱ्यानं उलटते. रेनकोट न्या. ठरवलेल्या वाटेवरूनच चाला, आणि दूरचा तुरा जवळून बघायचा असेल तर दुर्बीण न्या, पाय नेऊ नका. फोटो टाका, पण वर्दळ नसलेल्या पठारावरचं नेमकं ठिकाण टाकू नका.

आमच्या माळावरही असं डबकं आहे. आम्ही काय करू शकतो?

सगळ्यात आधी ते लिहून ठेवा. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. बऱ्याच ठिकाणी ही वही कपाटात असते. ती बाहेर काढायला लावा आणि त्यात डबक्याची जागा, पाणी कधी धरलं, कधी आटलं, काय फुललं, कुठले बेडूक ओरडले हे भरा. खोलीकरणाचा ठराव येईल तेव्हा ही नोंद दाखवता येते. नोंद नसेल तर आपल्याकडे नुसत्या भावना असतात.

मी मुलांकडून हेच करून घेतो. काठी रोवून दर रविवारी पाण्याची उंची मोजायची, एकाच जागेवरून फोटो काढायचा. एकदा मी गुडघ्यावर बसून भिंगातून गेंद बघत होतो. शेळ्या घेऊन चाललेल्या एका आजींनी विचारलं, "सर, काय हुडकायलाव?" मी भिंग त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "जलम गेला इथं, पर ह्याला इतकी फुलं असत्यात हे आज कळलं." पुढच्या खेपेला शेळ्या दुसऱ्या बाजूनं नेल्या होत्या. मी सांगितलं नव्हतं.

उन्हाळ्यात तिथं काहीच नसतं. कोरड्या खळग्यावरून ट्रॅक्टर नेला तर काय बिघडतं?

मार्चमध्ये त्या पापडीवर उभं राहिलं की खरंच काही दिसत नाही. भेगा, वाळलेलं शेवाळ, एखादं गोगलगाईचं शिंपलं. पण कंद त्याच पापडीखाली बोटभर खोलीवर असतात, बी तिथंच असतं, त्या उताणे पोहणाऱ्या जिवांची अंडीही तिथंच. चाकाखाली थर दबला किंवा मुरमासाठी खरवडला की जूनमध्ये पाणी साचेल, पण उगवायला खाली काही उरलेलं नसेल. ट्रॅक्टर दहा पावलं बाजूनं न्या.